अपुऱ्या परवानगीवर घर बांधताना : काम थांबू नये म्हणून आणि थांबलेच तर

खानदेशात घराचे काम साधारणपणे दिवाळीनंतर सुरू होते आणि आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) निदान पहिला स्लॅब पडावा असा प्रत्येकाचा प्रयत्न असतो, कारण त्यानंतर मृग जवळ येतो, काळ्या जमिनीत खडी-वाळूची गाडी आत जात नाही आणि मजूर पेरणीसाठी गावी निघून जातात. या हंगामाच्या घाईपोटी अनेक कुटुंबे हाती असलेल्या एखाद्या कागदावर भरवसा ठेवून पाया खोदतात आणि ‘बाकीची परवानगी मागून येईल’ असे मनाशी ठरवतात. ज्याच्याकडे कोणताच कागद नाही, त्याला आपण जोखीम घेत आहोत हे निदान ठाऊक असते. ज्याच्याकडे अर्धा कागद आहे, त्याला ते ठाऊक नसते, आणि काम बंद करण्याची नोटीस आली की सर्वांत जास्त पैसा त्याचाच अडकतो. म्हणून हे मार्गदर्शन मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

पहिले काम म्हणजे आपल्याजवळचा कागद नेमके काय देतो हे तपासणे. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असल्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामही अधिकृत ठरत नाही. घरपट्टीची पावती किंवा वीजबिल यांचेही तसेच आहे. अकृषिक आदेश जमिनीचा वापर बदलण्यापुरता असतो, इमारतीचा नकाशा त्यात मंजूर होत नाही. मंजूर लेआउटमधला प्लॉट घेतला म्हणजे रस्ते, मोकळी जागा आणि प्लॉटच्या हद्दी मंजूर आहेत एवढेच समजावे. परवानगीसाठी केलेल्या अर्जाची पोच ही फक्त अर्जाची पोच असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४४ खाली अर्ज करायचा आणि कलम ४५ खाली मिळणारे प्रारंभ प्रमाणपत्र व सही-शिक्क्याचा मंजूर नकाशा हाती आल्यावरच काम सुरू करायचे, हा मूळ नियम आहे.

याच कलम ४५ मध्ये मानीव परवानगीची तरतूद आहे आणि तिचा आधार घेऊन बरेच जण काम सुरू करतात. अर्ज दिल्यापासून, किंवा कार्यालयाने काढलेल्या त्रुटींची पूर्तता केल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. परंतु ती केवळ नियमावलीत तंतोतंत बसणाऱ्या नकाशालाच लागू होते. सामासिक अंतर (घराभोवती मोकळी सोडायची जागा) एका बाजूने कमी असेल किंवा जागा विकास योजनेतील रस्त्याने बाधित असेल, तर साठ दिवस उलटूनही ते बांधकाम अनधिकृतच ठरते. माझ्या मते मानीव परवानगीवर विसंबून घर बांधण्यापेक्षा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करून लेखी निर्णय मिळवणे कितीतरी सुरक्षित आहे. चार आठवडे उशीर परवडतो, उभे कॉलम पाडणे परवडत नाही.

दुसरा प्रश्न म्हणजे परवानगी द्यायचा अधिकार कोणाचा. जळगाव आणि धुळे येथे महापालिकेचा नगररचना विभाग, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, शहादा, नंदुरबार अशा ठिकाणी नगरपरिषद, आणि गावठाणात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली ग्रामपंचायत. गावठाणाबाहेर जेथे प्रादेशिक योजना लागू आहे, तेथे नगररचना अधिनियमाच्या कलम १८ खाली हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो. खरी गफलत होते ती शहराला लागून असलेल्या गावांत. धुळे महापालिकेच्या हद्दवाढीत वलवाडी, अवधान यांसारखी गावे शहरात आली. अशा गावांत पूर्वी ग्रामपंचायतीने दिलेला ना हरकत दाखला घरात जपून ठेवलेला असतो आणि वडिलांच्या काळी याच दाखल्यावर घर झाले म्हणून मुलगा त्यावरच वरचा मजला चढवतो. हद्द बदलली की नियोजन प्राधिकरण बदलते, आणि नव्या कामाला नव्या प्राधिकरणाचीच परवानगी लागते. त्यामुळे जागा शहराच्या कडेला असेल तर काम काढण्यापूर्वी गट क्रमांक देऊन झोन दाखला (जागा कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा) आणि विकास योजनेचा भाग नकाशा मागून घ्यावा. त्यातच आपल्या प्लॉटवरून नियोजित रस्ता जातो का, आरक्षण आहे का, हेही समजते.

लहान प्लॉटवाल्यांसाठी वाट आता बरीच सोपी झालेली आहे, आणि ती अनेकांना माहीत नसल्यामुळेच ते विनापरवाना मार्ग धरतात, हे पाहून वाईट वाटते. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरील घर कमी जोखमीचे मानलेले आहे. आपल्याकडचा नेहमीचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट १,५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटर भरतो, तेव्हा तो या मर्यादेत बसतो. अशा प्लॉटवर परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेला नकाशा, मालकीची कागदपत्रे आणि शुल्क भरल्याची पावती दाखल केली की वेगळ्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची पद्धत आहे, आणि ४० बाय ५० चा प्लॉट, म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर, या गटात मोडतो. मात्र ही सवलत कागद कमी करणारी आहे, नियम कमी करणारी नाही. नकाशात दाखवलेल्यापेक्षा एक फूट जास्त गॅलरी काढली किंवा तळमजल्यावर रहिवासाऐवजी दुकानाचे शटर बसवले, तर सवलतीचे संरक्षण उरत नाही आणि प्रमाणपत्र देणारा अभियंताही अडचणीत येतो. म्हणून सही विकत मिळेल असा अभियंता शोधू नये. जोत्याच्या वेळी स्वतः जागेवर येऊन फीत लावणारा शोधावा.

मोजणीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घ्यावी आणि हद्दीच्या खुणा जागेवर दगड रोवून कायम कराव्यात, शक्य असल्यास शेजाऱ्याच्या उपस्थितीत आणि त्याच्या सहीने. गावठाणातली आपली जुनी घरे धाब्याची, एकमेकांना भिंती लागून असलेली. धाबे उतरवून तेथे आरसीसी उभे करताना सामाईक भिंत नेमकी कोणाची, ओटा कोणाच्या हद्दीत, गल्लीची मूळ रुंदी किती, हे प्रश्न हमखास निघतात. माझ्या पाहण्यात गावातले बहुतेक थांबलेले काम सरकारी पाहणीतून थांबत नाही; ते शेजाऱ्याच्या तक्रार अर्जाने थांबते. शेजाऱ्याला आधीच नकाशा दाखवणे, त्याचे पावसाचे पाणी कोठे जाईल हे ठरवणे आणि ते दोन ओळींत लिहून घेणे, हा कायद्याने सांगितलेला टप्पा नसला तरी परवानगीइतकाच उपयोगी आहे. स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीनंतर गावठाणातल्या अनेक घरांना मिळकत पत्रिका मिळालेल्या आहेत. त्यातले क्षेत्र आणि खरेदीखतातले क्षेत्र जुळत नसेल, तर ती दुरुस्ती पाया खोदण्यापूर्वी करावी.

काही जागा अशा आहेत की तेथे मंजूर नकाशा असतानाही काम थांबू शकते, कारण दुसऱ्या खात्याची अट राहून गेलेली असते. पांझरा, गिरणा, बोरी किंवा तापीच्या काठावरच्या जागेसाठी पाटबंधारे विभागाची पूररेषा पाहावी. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. निळीच्या आत साधारणपणे नवे बांधकाम होत नाही आणि निळी व लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवरच होते. जळगाव–भुसावळच्या बाजूला राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि धुळे–शिरपूरच्या बाजूला मुंबई–आग्रा महामार्ग, यांच्या कडेला ढाबा, गॅरेज किंवा गोदाम काढणाऱ्यांनी रस्त्याच्या मध्यापासून मोजली जाणारी बांधकाम रेषा आणि नियंत्रण रेषा सोडणे बंधनकारक आहे. भुसावळमध्ये रेल्वेहद्दीलगत रेल्वेचे ना हरकत, तर जळगावच्या विमानतळाजवळ उंचीची परवानगी लागू शकते. नंदुरबार जिल्ह्यात, तसेच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या सातपुड्याकडील किंवा पश्चिमेकडील गावांत, जमीन आदिवासी व्यक्तीची असेल तर आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घालणारे जमीन महसूल संहितेचे कलम ३६ अ आडवे येते. बिगर आदिवासी व्यक्तीने मुद्रांकावर नोटरी करार करून तेथे उभे केलेले घर हे परवानगीच्या प्रश्नाआधी जमिनीच्या हस्तांतराच्या प्रश्नातच अडकते, आणि त्यात मूळ मालकाचेही नुकसान होते. अशा जागेवर घर बांधूच नये, एवढेच माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते. दरवर्षी नूतनीकरण करून ती एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते. पैसे संपल्यामुळे तळमजल्यावर थांबलेले घर तीन-चार वर्षांनी पुन्हा हाती घेताना जुनी परवानगी जिवंत आहे का हे कोणी पाहत नाही, आणि तेथेच काम अडते. जोते भरून झाले की भिंती न चढवता परवानाधारकामार्फत कार्यालयाला लेखी कळवून जोते तपासून घ्यावे. साऱ्या बांधकामातला हा सर्वांत स्वस्त थांबा आहे. जोते एका बाजूला सव्वा फूट सरकले असेल तर त्या वेळी चार ओळी वीट काढून दुरुस्त होते. स्लॅबनंतर तीच चूक कॉलम, बीम आणि जिना यांच्यासह पाडावी लागते. जमीन काळी असल्याने आपल्याकडे पाया खोल जातो आणि जोत्यातच बराच खर्च होतो, त्यामुळे एवढा खर्च झाला आता पुढे जाऊ, ही वृत्ती बळावते. त्या क्षणी स्वतःला रोखणे महत्त्वाचे आहे. नकाशात बदल करायचाच असेल, खोली वाढवायची किंवा जिना बाहेर घ्यायचा असेल, तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्यावा. मिस्त्रीने जागेवर सुचवलेला बदल कितीही सोयीचा असला तरी त्याची जबाबदारी मालकावर येते.

ठेकेदाराबरोबरचा करार लेखी असावा आणि त्यात तीन गोष्टी नक्की असाव्यात. पहिली, पैशाचे हप्ते प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण झालेले घर वापरण्याचा दाखला) या टप्प्यांशी जोडलेले असावेत. दुसरी, शासकीय आदेशाने काम थांबले तर सेंट्रिंगच्या प्लेटा व टेकूंचे दिवसागणिक भाडे कोण भरेल, हे लिहिलेले असावे. मंजूर नकाशाबाहेर ठेकेदाराने स्वतःहून काम केले असेल तर ते त्याने भरावे. तिसरी, नकाशाची प्रत जागेवर ठेवली जाईल. यात मजुरांचाही विचार व्हावा, कारण काम अचानक बंद झाले की मध्येच घरी जावे लागते ते त्यांना, आणि त्यांच्या झालेल्या दिवसांची मजुरी वादात अडकू देणे अन्यायाचे आहे.

एवढे करूनही नोटीस आली, तर प्रथम ती कोणत्या कलमाखाली आहे हे वाचावे. नगररचना अधिनियमाचे कलम ५४ हे चालू काम थांबवण्यासाठी आहे, तर कलम ५३ झालेले अनधिकृत काम काढून जागा पूर्ववत करण्यासाठी. महापालिका क्षेत्रात महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० खालीही कारणे दाखवा नोटीस येते. नोटिशीत कोणत्या भागाबद्दल आक्षेप आहे, मापे काय दिलेली आहेत, मुदत किती आहे आणि सही कोणाची आहे, या गोष्टी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवाव्यात. नोटीस घेण्यास नकार देऊन काहीही साध्य होत नाही. ती भिंतीवर डकवली जाते, पंचनामा होतो आणि आपली उत्तराची मुदत मात्र आपल्याला न कळता चालू होते.

काम खरोखर थांबवावे. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी स्लॅब ओतून घेण्याचा सल्ला देणारे भेटतात, आणि तो सल्ला सर्वांत महाग पडतो. कलम ५४ ची नोटीस मोडणे हा मूळ अनधिकृत बांधकामाहून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि नंतर नियमित करण्यासाठी अर्ज केला तर नोटिशीनंतर झालेले काम सहानुभूतीने पाहिले जात नाही. विनापरवाना विकासासाठी नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये किमान एक महिना ते कमाल तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे, हेही लक्षात ठेवावे. मात्र थांबवणे म्हणजे जागा तशीच सोडून जाणे नव्हे. नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटला पाणी मारणे, स्लॅब पुरेसा पक्का होईपर्यंत टेकू ठेवणे, खोदलेल्या खड्ड्याला कठडा करणे, ही सुरक्षिततेची कामे आहेत. ती करण्याची गरज अभियंत्याच्या पत्रासह कार्यालयाला कळवून, त्याची पोच घेऊन मगच करावीत, म्हणजे त्यांचा अर्थ काम सुरू ठेवले असा लावला जाणार नाही. थांबलेल्या दिवशीची स्थिती तारखेसह छायाचित्रांत टिपून ठेवावी.

उत्तर लेखी आणि मुदतीत द्यावे. नोटीस चुकीच्या माहितीवर असेल, म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणेच काम असेल, तर नकाशा, प्रमाणपत्र आणि जोते तपासणीचा कागद जोडून संयुक्त मोजणीची मागणी करावी. काम परवानगीशिवाय पण नियमावलीत बसणारे असेल, तर कलम ५३ मध्येच वाट दिलेली आहे: नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, आणि तडजोड शुल्क, विकास शुल्क वगैरे भरून ते नियमित होऊ शकते. काही भाग नियमात बसतो आणि काही बसत नाही असे असेल, तर न बसणारा भाग आपण स्वतः काढून घेण्याची तयारी अर्जात लिहावी. संपूर्ण घर वाचवण्याच्या हट्टापायी नियमित होऊ शकणारा भागही गमावलेला पाहिला आहे. अर्ज फेटाळला गेला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येते. दिवाणी न्यायालयात धाव घेण्यापूर्वी वकिलाकडून कलम १४९ समजून घ्यावे, कारण त्याने न्यायालयाच्या हस्तक्षेपावर मर्यादा घातलेली आहे.

पाडकामाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात काही पायऱ्या बंधनकारक केल्या आहेत: किमान १५ दिवसांची किंवा स्थानिक कायद्यातील मुदत यांपैकी जी नंतर संपेल ती देऊन नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने पाठवणे आणि बांधकामावर डकवणे, सुनावणी, कारणांसह आदेश, आणि आदेशानंतर आणखी १५ दिवस. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशय यांवरील अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. त्याच न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या निकालात बांधकामावर खूप पैसा खर्च झाला किंवा प्रशासनाने उशिरा कारवाई केली, ही कारणे अनधिकृत बांधकामाला वाचवू शकत नाहीत असे स्पष्ट केले, आणि बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच कर्ज द्यावे असेही सांगितले. ‘एवढे वर चढले की कोण पाडतो’ हा बाजारातला समज या निकालानंतर धरून ठेवण्यासारखा राहिलेला नाही.

नियमितीकरणाच्या योजनांबद्दल जास्त आशा धरू नये. नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ अ खालील योजना ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी होती आणि गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट नियमित करणाऱ्या गुंठेवारी अधिनियमाची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवलेली आहे. आज घातलेला पाया दोन्हींत बसत नाही. महापालिका अधिनियमाचे कलम २६७ अ आणि नगरपरिषद अधिनियमाचे कलम १८९ अ यांखाली अनधिकृत घरावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती (दंड) लागू शकते, आणि ती नियमित भरली म्हणून घर अधिकृत होत नाही. दरवर्षी शास्ती भरणारी माणसे आपले घर आता कायदेशीर झाले असे मानतात आणि विकायला काढल्यावर त्यांना वस्तुस्थिती कळते.

स्थगिती उठली तर ती लेखी घ्यावी. कार्यालयात कोणी तोंडी ‘करा सुरू’ म्हटले म्हणून मजूर बोलावू नयेत. पावसाळा मध्ये गेला असेल, तर काम पुन्हा धरण्यापूर्वी संरचना अभियंत्याला जागेवर आणावे. उघड्या राहिलेल्या कॉलमच्या गजांवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून गज किती झिजले ते पाहणे, जुन्या काँक्रीटचा माथा खरवडून धुणे, पाण्याने भरलेल्या पायाच्या खड्ड्यांतली फुगलेली काळी माती काढून पुन्हा मुरूम भरून ठोकणे, आणि अर्धवट भिंतींच्या तड्यांची नोंद घेणे, एवढे झाल्यावरच पुढचे सेंट्रिंग बांधावे. अभियंत्याचा हा तपासणी अहवाल परवानगीच्या फायलीत लावून ठेवावा, कारण भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी खंड पडलेल्या कामाबद्दल तो मागितला जाऊ शकतो.